गळ घेऊन वसईला

दोस्तांनो, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या मुलांना ‘समुद्र कुठे आहे?’ असं विचारलं, तर बहुतेक जण सांगतील, ‘दादरला, चौपाटीवर!’ म्हणजे लोकलचा सव्वा-दीड तासाचा प्रवास. पण समुद्राकडे जाणारी एक वाट आपल्या गावातूनच निघते, बरं का! तिला तिकीट लागत नाही. ती वाट म्हणजे आपली उल्हास नदी.

ही नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते. पावसाळ्यात तिचा रंग काही औरच! २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, तेव्हा अख्ख्या गाडीतले प्रवासी होड्यांनी बाहेर काढावे लागले. तेच पाणी पुढे कल्याणला खाडीत शिरतं आणि वसईजवळ समुद्राला मिळतं.

हे सगळं मला अचानक का आठवलं? त्याचं कारण माझा भाचा. तो उल्हासनगरला राहतो, सातवीत आहे. नाताळच्या सुट्टीत तो आणि त्याची धाकटी बहीण माझ्याकडे बदलापूरला आले होते. नदीवर बांबूची काठी, दोरा, गळ आणि गांडूळ घेऊन बसणारी मुलं त्याने पाहिली, आणि झालं! ‘मावशी, नदीत काय सगळेच गळ टाकतात. मला समुद्रात टाकायचाय. शिकव ना!’

आता आली का पंचाईत! मी तिसरीच्या वर्गाला पाढे शिकवते, समुद्रात गळ टाकायला कुठून शिकवणार? पण डी.एड.ला माझ्याबरोबर एक मैत्रीण होती. तिचं माहेर वसईच्या पाचूबंदरला. तिच्या वडिलांचं सारं आयुष्य होडीवर गेलेलं. त्यांना फोन लावला. मला वाटलं, ते विचारतील, ‘काठी आहे का? रीळ आहे का?’ पण त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘येणार त्या दिवशी तिथी कोणती?’

कालनिर्णय बघितलं. शुद्ध षष्ठी होती.

‘मग साडेचारला भरती. सकाळी दहापर्यंत या,’ आजोबा म्हणाले.

हे त्यांनी घड्याळही न बघता कसं सांगितलं? कोकणकिनाऱ्यावरचं हे जुनं गणित आहे. तिथीची पाऊणपट करायची! षष्ठी म्हणजे सहा. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणून साडेचारला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. भरतीच्या साधारण सहा तास आधी ओहोटी, म्हणजे सव्वादहाला. अष्टमी असेल तर? आठची पाऊणपट सहा. करून बघा बरं, एकादशीला किती येते? हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं. पण माझ्या भाच्याला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं की पाऊणकीचा पाढा परीक्षेशिवायही कामाला येतो!

आजोबांनी षष्ठीला ‘या’ म्हणण्यामागे आणखी एक कारण होतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि वेगाने ओढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी बेताचं. नवशिक्याने उधाणाच्या वाट्याला जाऊ नये.

बदलापूरहून लोकलने आम्ही दिव्याला उतरलो. तिथून वसईला जाणारी गाडी पकडली. या मार्गावर गाड्या मोजक्याच, त्यामुळे वेळापत्रक बघूनच निघायचं. कोपर सोडलं की गाडी एका लांबलचक पुलावरून जाते. खाली रुंद, मातकट पाणी.

‘ही कुठली खाडी?’ भाचीने विचारलं.

‘अगं, आपली उल्हासच! काल जिच्या काठी बसला होतात, तीच.’

दोघंही खिडकीला चिकटले. काल एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारता येत होती, ती नदी ही? मी वहीत नकाशा काढून दाखवला. बदलापूर, मग कल्याण. कल्याण तर जुनं बंदर. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. तिथून पुढे साष्टीला उत्तरेकडून वळसा घालून वसईचा किल्ला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतला, तोच हा.

भाचा बराच वेळ नकाशाकडे बघत होता. मग त्याने पेन्सिल घेतली आणि एक बारीक रेघ काढून कल्याणला जोडली. ‘आणि ही आमची वालधुनी,’ तो म्हणाला.

वालधुनी अंबरनाथच्या पलीकडच्या डोंगरातून येते. १०६० साली बांधलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराला लागूनच ती वाहते. पुढे उल्हासनगरातून जाते आणि कल्याणला खाडीत मिळते. भाच्याचं घर तिच्याजवळच. पण त्याने तिच्यात मासा कधी पाहिलेला नाही. नाक दाबून पूल ओलांडायचा, एवढीच त्याची तिच्याशी ओळख. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर तिच्यात रात्री टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि विषारी वायूने उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. घरातली मोठी माणसं अजून त्या पहाटेबद्दल बोलतात.

पाचूबंदरला पोहोचलो तेव्हा बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकत होते. वासाने भाचीने नाक मुरडलं, पण घरातल्या आजींनी पुढ्यात गरम भाकरी आणि कोलंबीचं कालवण ठेवल्यावर नाक आपोआप सरळ झालं!

आजोबांनी एक प्लॅस्टिकची जाडजूड बाटली काढली. तिच्यावर तंगूस गुंडाळलेला होता. तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक, मजबूत धागा.

‘काठी नाही? रीळ नाही?’ भाच्याचा चेहरा पडला. मोबाईलवरच्या व्हिडिओत त्याने चकाकत्या काठ्या बघितल्या होत्या.

‘काठी नंतर घे रे बाबा. आधी हाताला कळू दे मासा काय बोलतो ते,’ आजोबा म्हणाले.

सामान फारच थोडं होतं. चाळीस-पन्नास मीटर तंगूस. त्याच्या टोकाला शिशाचं वजन. त्याच्या वर वीतभर अंतरावर एक छोटा फाटा आणि फाट्याला गळ. शिसं वाळूवर बसतं आणि आमिष थोडं वर डोलत राहतं, म्हणजे माशाला दिसतं. आमिषाला सोललेली कोलंबी. तीही गळावर नीट ओवायची, नाहीतर फेकतानाच उडून जाते.

गाठ मात्र आजोबांनी दहादा बांधून घेतली. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचा, मूळ धाग्याभोवती पाच-सहा पीळ द्यायचे, टोक परत डोळ्याजवळच्या फटीतून काढायचं. ओढण्याआधी गाठ ओली करायची. कोरडी ओढली तर घासून तापते आणि तिथेच तंगूस कमजोर होतो. मोठा मासा सुटतो तो बहुतेक वेळा आपल्याच आळशी गाठीमुळे!

ओहोटीला आम्ही किनाऱ्यावर गेलो, पण गळ टाकायला नाही, वाचायला! हो, किनारा वाचायचा असतो. पाणी दूर गेलेलं असतं तेव्हा वाळूतले उंचवटे आणि खळगे उघडे पडतात. भरती आली की मासे याच खळग्यांतून खाणं शोधत काठाकडे येतात. दोघा मुलांनी काठावरची सुरूची झाडं मोजून कुठला खळगा कुठल्या झाडासमोर आहे ते वहीत लिहून ठेवलं.

भरती चढू लागल्यावर आजोबांनी दुसरी खूण दाखवली. उंचवट्यावर लाट फुटते, पांढरा फेस होतो. मधेच एखाद्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी गडद दिसतं. तिथे खोली असते.

‘म्हणजे तिथेच गळ टाकायचा!’ भाचा ओरडला.

‘गळ टाकायचा, पाय नाही टाकायचा,’ आजोबा एकदम गंभीर झाले. ‘त्या पट्ट्यातूनच पाणी परत आत ओढतं. माशाला सोयीची जागा माणसाला धोक्याची असते.’

त्यांचे बाकीचे नियम मी वहीत उतरवून घेतले. एकट्याने जायचं नाही, सोबत पोहता येणारं मोठं माणूस हवंच. लाटेकडे पाठ करायची नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. शेवाळलेल्या खडकांवर चढायचं नाही. पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालायचं, म्हणजे वाळूत लपलेला पाकट मासा बाजूला होतो. त्याच्या शेपटीचा काटा विषारी असतो. गळ फिरवण्याआधी मागे कोण आहे ते बघायचं. आणि तुटलेला तंगूस किनाऱ्यावर सोडायचा नाही. तो वर्षानुवर्षं कुजत नाही. पक्ष्यांच्या पायात गुंततो.

दोनच्या सुमाराला पहिला गळ पाण्यात गेला. तंगूस तर्जनीवरून सोडला होता. लाटेचा धक्का, वाळूचं घासणं, सगळं बोटाला कळत होतं. मुलं दम धरून उभी. समोर बोय मासे टणाटण उड्या मारत होते, पण एकही गळाकडे येईना.

‘ते नाही यायचे,’ आजोबा म्हणाले. ‘बोय चिखलातलं शेवाळ खातो. त्याला तुझ्या कोलंबीचं काय?’

‘मग पापलेट लागेल?’ भाचीने विचारलं. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, हे तिला शाळेत कळलं होतं.

आजोबा हसले. पापलेटचं तोंड इवलंसं, खाणं पाण्यात तरंगणारे बारीक जीव. तो जाळ्यातच सापडायचा. काठावरून गळाला येणार ते शिंगाळे, ढोमे आणि नशीब फळफळलं तर जिताडा!

इतक्यात भाच्याच्या बोटाला जोराचा ओढा बसला. ‘लागला! लागला!’ तो मागे सरकत तंगूस ओढू लागला. जड होतं. काय असेल? जिताडा? आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आणि पाण्यातून वर आली... वाळूने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात गुंतलेल्या दुधाच्या दोन रिकाम्या थैल्या.

मी हसले. आजोबा मात्र हसले नाहीत. ‘आमच्या डोल जाळ्यात हेच येतं,’ ते म्हणाले. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. ते प्रवाहात बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचं पाणी त्यात बोंबील, कोलंबी आणून सोडतं. ‘आता पाणी आधी प्लॅस्टिक आणून सोडतं. ते निवडता निवडता बाया दमतात. मासे राहतात बाजूला. जाळं फाटतं ते वेगळंच.’

भाचा त्या थैल्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘मावशी, ही आमच्या वालधुनीतून आली असेल का?’

काय उत्तर द्यायचं? ती थैली कुणाच्या घरातली हे कोण सांगणार? पण सकाळी नकाशावर रेघ त्यानेच काढली होती. वालधुनी, कल्याण, खाडी, वसई. मी म्हटलं, ‘हीच असं नाही सांगता येणार. पण वाट तीच आहे.’

तो काही बोलला नाही. थैल्या घडी करून त्याने आपल्या पिशवीत टाकल्या आणि गळाला नवी कोलंबी लावली.

चारच्या सुमाराला पुन्हा ओढा बसला. या वेळी वेगळा! टक्, टक्, मग थरथर. पिशवी कधी थरथरत नाही, दोस्तांनो! आजोबा हळूच म्हणाले, ‘झटका नको देऊ. ढिला सोडू नको. येऊ दे.’ फेसातून एक शिंगाळा बाहेर आला. तळहाताएवढा, मिशाळ, चंदेरी आणि चक्क कुरकुर आवाज करणारा! भाचा हात लावायला धावला, तोच आजोबांनी मनगट धरलं. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखे काटे असतात. टोचले तर चांगली कळ येते. त्यांनी ओल्या फडक्यात मासा धरला, पक्कडीने गळ सोडवला आणि विचारलं, ‘काय करायचं? पिल्लू आहे. तू पकडलास, तू सांग.’

आयुष्यातला पहिला मासा! घरी न्यावा, आईला दाखवावा, फोटो काढावा... सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भाची तर ‘नेऊया ना, नेऊया!’ म्हणून नाचत होती.

‘सोडा आजोबा,’ तो म्हणाला. ‘मोठा होऊन येऊ दे.’

आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. कोळी लोकही हेच करतात. जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, कारण तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचाही तोच काळ असतो.

संध्याकाळी परतताना पुलावर अंधार झाला होता. खाली भरतीचं पाणी उलट, कल्याणच्या दिशेने चढून ओसरू लागलं होतं. भाची माझ्या मांडीवर झोपली. भाच्याने विचारलं, ‘मावशी, पाणी भरतीला कल्याणपर्यंत चढतं ना? मग वालधुनी स्वच्छ झाली, तर मासे खाडीतून आमच्याकडे येतील?’

शिक्षकाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यावं लागतं, असं म्हणतात. मी म्हटलं, ‘आधी पाणी तर त्यांना राहण्याजोगं होऊ दे. मग तेच ठरवतील.’

दुसऱ्या दिवशी तो उल्हासनगरला गेला. जाताना बाटलीवरचा तंगूस नेला, आणि त्या दुधाच्या थैल्याही धुऊन नेल्या. भंगारवाल्याला द्यायला.

तुम्हीही पुढच्या सुट्टीत मोठ्यांना घेऊन जरूर जा. आधी तिथीची पाऊणपट तेवढी करून बघा!