'रुग्णांवर प्रयोग!' ही हेडलाइन माझीच होती

पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या पानावर बातमी लावली होती: 'रुग्णांवर औषधांचे प्रयोग!' उद्गारचिन्ह माझंच. अंक हातोहात खपला. मागच्या महिन्यात तीच हेडलाइन माझ्या घरी परत आली.

माझ्या मामेबहिणीला सात वर्षं ल्युपस आहे. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. सांधे, त्वचा, किडनी, काहीही धरते. दहात नऊ रुग्ण बायका. दुखणं बाहेरून दिसत नाही, म्हणून सासरी 'नाटकं' ठरली. स्टिरॉइडनं चेहरा सुजला, तर लोक म्हणाले, तब्येत सुधारली!

आता डॉक्टरांनी विचारलंय, नव्या गोळीची चाचणी आहे, येणार का? मामी म्हणाली, "अरे, तूच लिहिलं होतंस ना, माणसांचे उंदीर करतात म्हणून?"

मग संमतीपत्र घेऊन बसलो. बातमी लिहिताना असं एकही वाचलं नव्हतं, हे आज कबूल करतो.

ल्युपसच्या अशा चाचणीत सहसा नेहमीची औषधं चालूच राहतात. त्यावर काहींना नवी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कुठली, हे तपासणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसतं.

एवढा खटाटोप कशाला? बॅरिसिटिनिबचं उदाहरण घ्या. ही संधिवातावरची गोळी. ल्युपसवरच्या छोट्या चाचणीत आशा दिसली, म्हणून दोन मोठ्या झाल्या. वर्षभरानं पहिलीत गोळीवाल्या 57 टक्के रुग्णांत सुधारणा, औषध नसलेल्या गोळीवर 46. दुसरीत 47 विरुद्ध 46. म्हणजे फरक जवळपास शून्य. जानेवारी 2022 मध्ये कंपनीनं ल्युपससाठीचं काम थांबवलं. तुलना केली नसती, तर '47 टक्के गुण' म्हणून ती विकता आली असती.

म्हणून मित्रांनो, घरात असा प्रसंग आला तर घाबरू नका, प्रश्न विचारा. चाचणीची सीटीआरआयवर नोंद आहे का? (2009 पासून ती सक्तीची आहे.) इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई कोण देणार? 2019 च्या नियमांत तो हक्क आहे. मधेच कधीही बाहेर पडता येतं, हे लेखी आहे का? गरोदरपणाचं काय?

बहीण म्हणाली, "दादा, मला उंदीर व्हायची भीती नाही. कुणी नीट विचारत नाही, त्याची आहे."

सही करायची की नाही, तिनं अजून ठरवलेलं नाही. ठरवेल तीच. मी फक्त उद्गारचिन्ह मागे घेतोय.