चार बोटं लाल

हैदराबादच्या आबिड्स भागाचं नाव ज्या अल्बर्ट आबिडवरून पडलं, तो सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पोशाखांची व्यवस्था बघणारा आर्मेनियन सेवक. एकदा अंगाला लागलेला कपडा निजाम पुन्हा घालत नसत, असं हैदराबादेत अजून सांगतात. त्यांचं लांबच लांब दुमजली लाकडी कपाट पुरानी हवेलीत आजही बघायला मिळतं. त्या कपड्यांच्या राखणदाराने इथे दुकान काढलं आणि सगळा भागच त्याच्या नावाचा झाला. याच रस्त्यांवरून कातरणीची पिशवी घेऊन जाताना मला ते कपाट हटकून आठवतं.

कातरण कलमकारीची. ब्लाउज बेतल्यावर आमच्या शिंप्याकडे, मास्टरजींकडे, उरलेली. एखादा तुकडा चार बोटं, एखादा वीतभर. गोधडीसाठी मी ती मागून आणते. तिला टाकाऊ म्हणायला जीभ रेटत नाही, कारण तिच्यामागे किती हात राबलेत ते ठाऊक आहे. श्रीकाळहस्तीला कलमकारीसाठी कोरं कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतात. दुधाच्या स्निग्धपणामुळे कलमाची रेघ फुटत नाही. गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात दिवसचे दिवस मुरवून एक पाणी करतात; ते हिरडा प्यालेल्या कापडाला लागलं की काळंभोर होतं. लाल हवा तिथे तुरटी लावायची आणि मुळांच्या काढ्यात कापड उकळायचं. तुरटी असेल तिथे रंग धरतो, बाकीचा धुऊन जातो. मग वाहतं पाणी, ऊन, आणि पुन्हा पुढचा रंग.

असाच लाल आपल्याकडे खानदेश-वऱ्हाडात आल या झुडपाच्या मुळांतून काढत. मुळांत रंग भरायला ती वर्षानुवर्षं जमिनीत राहू द्यावी लागत. 1868 मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी अ‍ॅलिझरिन प्रयोगशाळेत बनवलं, 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि मुळांचे, पानांचे रंग मागे पडले. म्हणून नैसर्गिक रंगांच्या गोधडीला सरसकट ‘आजीची गोधडी’ म्हणणं मला पटत नाही. आपल्या आज्यांच्या हाती बहुतेक गिरणीच्या रंगांची लुगडी आली. टाके त्यांचे, पण हे रंग त्यांच्याही आज्यांच्या काळातले.

टाके तेच. आत जुन्या सुती साड्यांचे थर, वर तुकड्यांची मांडणी, आणि कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा. मांडताना मी रंग जुळवत बसत नाही. लाल, काळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, कसेही शेजारी ठेवले तरी भांडत नाहीत. याचं कारण मला हिरड्यात दिसतं. प्रत्येक रंगाखाली त्याचीच फिकट पिवळसर झाक असते, त्यामुळे परक्या साड्यांचे तुकडेही एका घरातले वाटतात. त्यांच्यात पुट्टपाकाच्या तेलिया रुमालाचा कोपरा मिळाला तर मी आधी हुंगते. एरंडीच्या बोंडांची राख आणि तेल पाजलेलं ते सूत, वास लवकर सोडत नाही.

हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका आपल्या गोधडीच्या, कवंदीच्या, चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. मला ती फार आवडतात. हल्ली अशी गोधडी चौकटीत बसवून भिंतीवरही लावतात. शिवणारणीचं नाव खाली असेल तर मला त्याचा आनंदच आहे. तरी पांघरली, धुतली, पुन्हा पांघरली, की तिचे रंग जसे खुलतात तसे काचेआड खुलत नाहीत.

वापरात आधी विरतो तो काळा. लोखंड सुताला हळूहळू खातं. जुन्या कलमकारीत रेघेच्या जागी नुसती फट उरते. म्हणून काळ्याच्या दोन्ही बाजूंनी मी टाके दाट घालते, आणि एवढं करूनही फाटलंच तर वरून दुसरा तुकडा बसवते. तेवढ्यासाठी मास्टरजींना सांगून ठेवलंय, काळी कातरण बोटभर असली तरी फेकू नका.