गाव फडावर गेलं होतं

त्या दिवाळीला कंपनीने धुण्याच्या पावडरीवर स्कीम काढली होती. मी बीड जिल्ह्याचा सेल्समन. धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका किराणा दुकानदाराच्या गळ्यात मी पाच खोकी मारली. अर्धे पैसे रोख, अर्धे उधार. दुकानदार नको म्हणत होते, पण मला टार्गेट गाठायचं होतं.

संक्रांतीच्या सुमारास वसुलीला गेलो, तर एकच खोकं फुटलेलं. घरांना कुलपं. पारावर म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं.

"सायेब, गाव फडावर गेलंय. पावडर इकू कुणाला?" दुकानदार म्हणाले.

मी लातूर शहरात वाढलेला. ऊसतोड ऐकून माहीत होती. तिचा माझ्या मालाशी संबंध असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. दुकानदारांनी उधारीची वही समोर ठेवली. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती पावसाळ्यात. तिच्यातून मागची उधारी फिटते, लग्नाचं देणं जातं, फडावर न्यायचा किराणा भरला जातो. दसरा-दिवाळीला माणसं सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात, ती साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप संपल्यावरच, परततात. आमची स्कीम गावात पोचली तोवर पैसा संपला होता आणि माणसंही गेली होती.

चैत्रात पुन्हा गेलो. फडावरून परतलेल्या एका मावशींना पावडरीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "पावडरीला बादली लागती, भिजत घालाया येळ लागतो. आमी पहाटंच फडात. वडी कशी, दगडावर घासली की झालं." वहीत पाहिलं, तर पानोपानी साबणाची वडीच लिहिलेली होती. इतकी साधी गोष्ट मी तीन वर्षं त्या गावात जाऊन कुणाला विचारली नव्हती, याची मला आजही लाज वाटते.

मी वरिष्ठांना लिहिलं: स्कीम श्रावणात द्या, वडीवर द्या, आणि हंगामात कारखान्यांवरच्या मजुरांच्या कोप्यांपर्यंत माल पोचवा. उत्तर आलं की तो भाग दुसऱ्या विभागात मोडतो.

विकलेला माल कंपनी परत घेत नव्हती. उरलेली चार खोकी मी अंबाजोगाईच्या दुकानांत थोडी थोडी करून खपवली आणि गावातल्या दुकानदारांचे अडकलेले पैसे चुकते केले. त्या गावात पुढची खेप घातली ती श्रावणात, फक्त वड्या घेऊन.