फळ्यांची विहीर

छत्रपती संभाजीनगराची छावणी मागे टाकून मिटमिट्यावरून निघालेला रस्ता, 1327 साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी जेथे हलविली त्या दौलताबादेपाशी येतो आणि पुढे घाट चढून, हातकागदासाठी ख्यात असलेल्या कागजीपुऱ्यावरून खुलताबादेस पोहोचतो. येथे औरंगजेबाची उघडी कबर आहे, आणि 1610 साली खडकी वसवून ज्याने आजच्या शहराचा पाया घातला त्या मलिक अंबराचा मकबराही आहे. परंतु जर जरी जर बक्ष या सूफी संतांच्या उरुसातील गर्दी दर्ग्यावर चादर चढवून झाली, की आकाशपाळण्यांकडे आणि ‘मौत का कुआँ’ या लाकडी विहिरीकडे वळते.

तिकीट काढून वरच्या कठड्याशी गेलो, तेव्हा तळाशी एक कामगार पाना घेऊन एकेका जोडाचा नट आवळीत फिरत होता. तो बाहेर पडताच पुंगळी काढलेली फटफटी तळाच्या तिरप्या फळ्यांवर घोंघावली, वेगाच्या बळावर आडवी होऊन उभ्या भिंतीवर चढली, आणि शिरस्त्राणावाचून बसलेल्या स्वाराने कोणीतरी पुढे केलेली नोट अलगद टिपली.

या विद्येचे मूळ अमेरिकेत आहे. 1910 साली जॅक प्रिन्सने लॉस एंजेलिसजवळ फळ्यांचा वर्तुळाकार शर्यतमार्ग बांधला. पुढल्याच वर्षी कोनी आयलंडच्या जत्रेत त्याची छोटी आवृत्ती निघाली, आणि तिच्या भिंती उभ्या होत होत ही विहीर सिद्ध झाली. मोठ्या मार्गांवर जी नावे गाजली त्यांत जिमी मर्फी अग्रगण्य होय. 1894 साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा पोरका मुलगा शर्यतीच्या मोटारीत चालकाशेजारी बसणारा मिस्त्री म्हणून धंद्यात शिरला. 1920 साली बेव्हर्ली हिल्सच्या फळ्यांवरील पहिलीच शर्यत, 1921 साली फ्रान्सची ग्रां प्री आणि 1922 साली इंडियानापोलिसची शर्यत त्याने जिंकली. फळ्यांवर कीर्ती मिळविलेला हा वीर 1924 साली सिराक्यूजच्या मातीच्या मार्गावर कठड्यास धडकला आणि कठड्याचेच लाकूड छातीत घुसून गतप्राण झाला.

बेव्हर्ली हिल्सचा मार्गही त्याच वर्षी मोडला. ऊनपावसात कुजणाऱ्या अफाट लाकडाची डागडुजी मालकांना परवडेना, आणि पुढल्या काही वर्षांत असे बहुतेक मार्ग नामशेष झाले. खुलताबादची विहीर मात्र उरूस उठताच उकलून मालमोटारीवर चढते. फुटकी फळी पुढल्या मुक्कामी बदलली जाते, आणि एके ठिकाणी न राहणे हेच तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य ठरते. मर्फीच्या वाट्यास आलेला धोका तेवढा, फळ्या कितीही बदलल्या तरी, आजच्या स्वाराकडे जसाच्या तसा वहिवाटीने आला आहे.