पेनड्राइव्ह जोडायचा कुणी?

आंबवडे गावातल्या एका खोलीत आम्ही काही मित्रांनी सगळ्यांसाठी जुने कॉम्प्युटर मांडले, तेव्हा त्यांच्यावर डेबियन लिनक्स घालायचं हे आधीच ठरलं होतं. खर्च वाचणार होताच, पण खरी काळजी होती ती हातोहात फिरणाऱ्या पेनड्राइव्हची. फोल्डरचं चित्र धारण करून बसलेला ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ किंवा सगळ्या फायली लपवून नुसते शॉर्टकट दाखवणारा व्हायरस ज्यांनी विंडोजवर भोगलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मशिनांची मेमरी बेताची होती. म्हणून जड डेस्कटॉप टाळून आइसडब्ल्यूएम हा हलका विंडो मॅनेजर ठेवला. मशिनं पळायला लागली. मात्र जड डेस्कटॉप जी कामं न सांगता उरकतो, तीही त्याच्याबरोबर गेली. बचत गटाच्या एक वहिनी हिशेबाची फाइल घेऊन आल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, “दादा, पेनड्राइव्ह घातलाय, पण आत काय दिसंना.”

दिसणार कसं? युनिक्सच्या घराण्यात सगळ्या फायली एकाच उतरंडीत असतात. बाहेरून आलेली डिस्क त्या उतरंडीतल्या एखाद्या डिरेक्टरीवर बसवावी लागते, म्हणजे माउंट करावी लागते. आणि हा अधिकार मुळात एकट्या रूटचा, म्हणजे मशिनच्या सर्वाधिकारी खात्याचा. वहिनींनी माउंटची आज्ञा दिली असती, तरी हे काम रूटचं आहे असं उत्तर मिळालं असतं.

एका मित्राला यात काही अवघड वाटलं नाही. “रूटचा पासवर्ड भिंतीवर चिकटवून टाक. सगळी गावातलीच माणसं. विश्वास नाही का तुझा?”

माझा वहिनींवर पूर्ण विश्वास होता. त्यांच्या पेनड्राइव्हवर नव्हता. दुसऱ्या मशिनवर जो रूट आहे, तो एखाद्या डिस्कवर सेटयूआयडीची (मालकाच्या अधिकारानं चालवण्याची) खूण असलेला, रूटच्या मालकीचा प्रोग्राम ठेवू शकतो. ती डिस्क आपल्याकडे बंधनं न घालता माउंट केली आणि तो प्रोग्राम चालवला, की चालवणारा आपल्या मशिनवर रूट होतो. डिस्कवरच्या डिव्हाइस फायलींतूनही असाच चोरदरवाजा उघडतो. आणणाऱ्याला यातलं काही माहीत असायचीही गरज नाही.

यावर जुना, सरळ उपाय एफएसटॅब या फायलीत आहे. तिथं एका ओळीत डिव्हाइस, डिरेक्टरी आणि पुढे ‘नोऑटो’ व ‘यूजर’ हे पर्याय लिहिले, की साध्या वापरकर्त्याला तेवढी एक डिस्क तेवढ्या एका जागी जोडता येते. सेटयूआयडी निष्प्रभ, डिव्हाइस फायली निष्प्रभ, डिस्कवरून थेट प्रोग्राम चालवणं बंद, ही तिन्ही बंधनं आपोआप लागतात.

ओळ लिहिली आणि काम सुरू झालं. मग एका मुलीनं पेनड्राइव्ह जोडला आणि एसटी आली म्हणून ती तशीच पळाली. ‘यूजर’ लिहिलेलं असलं, की ज्यानं जोडलं त्यानंच काढायचं, नाहीतर रूटनं. पुढचा मुलगा अडून बसला. अशा सामायिक मशिनवर ‘यूजर्स’ हवं. मग कुणीही जोडावं, कुणीही काढावं.

खरी अडचण नावांची निघाली. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलं नागेश्वराचं देऊळ, झुलता पूल, कान्होजी जेध्यांची समाधी असे फोटो काढून कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन यायची. कार्ड रीडर लावला की ‘एसडीबी’ हे नाव तो घ्यायचा आणि पेनड्राइव्ह ‘एसडीसी’ व्हायचा. एफएसटॅबमधली ओळ मात्र ‘एसडीबी’चीच वाट बघत राहायची.

तेव्हा डिस्क जोडून देणारं यूडिस्क्स आणि कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणारं पोलकिट बसवलं, सोबत यूडिस्क्सला मदतनीस यूडिस्की. आता डिस्क कुठल्याही नावानं येवो, मीडिया डिरेक्टरीत वापरकर्त्याच्या नावाखाली ती दिसते. फॅट फाइल सिस्टिममध्ये फायलींची मालकी नोंदलेली नसते; यूडिस्क्स जोडणाऱ्यालाच मालक ठरवतं, त्यामुळे ‘वाचता येतंय पण लिहिता येईना’ ही तक्रारही मिटली. मशिनच्या आतल्या डिस्कला हात लावला, तर मात्र ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो.

काढायची शिस्त लावायला पावसाळा यावा लागला. लिनक्स कॉपी केलेला मजकूर आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीनं डिस्कवर उतरवतो. पडद्यावर कॉपी संपलेली दिसते, प्रत्यक्षात लिहिणं चालूच असतं. भात लावणीच्या दिवसांत लाइट कधी जाईल याचा नेम नाही. बचत गटाच्या पेनड्राइव्हवर एकदा फाइलचं नाव उरलं, आत मजकूर नव्हता. मूळ प्रत मशिनवर होती म्हणून निभावलं. तेव्हापासून वहिनी स्वतःच इतरांना दटावतात, “आधी अनमाउंट कर, मग उपट.”

सगळ्यांनी हा प्रश्न असाच सोडवलेला नाही. युनिक्सच्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीमध्ये साध्या वापरकर्त्याला माउंट करू देणारं ‘व्हीएफएस डॉट यूजरमाउंट’ हे सेटिंग मुळात बंद असतं. ते चालू केलं तरी ज्या डिरेक्टरीवर डिस्क बसवायची, ती वापरकर्त्याच्या मालकीची असावी लागते आणि डिव्हाइसवरही त्याला परवानगी लागते. ओपनबीएसडीनं तर 2016 साली 6.0 आवृत्तीत ही सोयच काढून टाकली. मुद्दाम बिघडवलेली फाइल सिस्टिम थेट कर्नललाच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यालाच, वाचावी लागते, हे लक्षात घेतलं तर तो निर्णयही समजण्यासारखा आहे. आमच्या खोलीत तो चालला नसता. तिथं माणसं येतातच पेनड्राइव्ह घेऊन.

मध्यंतरी पुण्यातून एसएसएचनं आंबवड्याच्या मशिनवर शिरलो आणि तिथं लावलेला पेनड्राइव्ह जोडू गेलो, तर मला पासवर्ड विचारला गेला. हीच आज्ञा समोर बसलेल्या शाळकरी मुलीनं दिली असती, तर कुणी काही विचारलं नसतं. पोलकिट माणूस मशिनसमोर बसलाय की लांबून आलाय, हे बघतं. जो समोर आहे, त्याच्या हातात पेनड्राइव्ह आहे. त्याला जोडू द्यावं, लांबच्याला अडवावं, असा हा नियम. मशिन मी लावलंय, ही ओळख तिथं चालत नाही.

पासवर्ड मला ठाऊक होता. तरी तो न टाकता फोन केला. मुलीनं डिस्क जोडली, हवी ती फाइल सगळ्यांच्या फोल्डरमध्ये ठेवली, मी ती उतरवून घेतली. रूटचा पासवर्ड आजही आमच्यातल्या दोघांनाच माहीत आहे आणि तो लागतो फक्त अपडेट करताना. गावात तो कुणी मागितलेला नाही. कुणाचं काम त्याच्यावाचून अडतच नाही.