माळेगावच्या माळावर दोन अंधाऱ्या रात्री

मैत्रिणींनो, माझं माहेर नांदेडचं आणि सासर लातूरचं. या दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर, नांदेडहून येताना लोहा ओलांडलं की अहमदपूरच्या अलीकडे माळेगाव लागतं. खंडोबाचं माळेगाव! मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथे देवस्वारी निघते आणि ‘यळकोट यळकोट जय मल्हार’च्या गजरात अख्खा माळ भंडाऱ्यानं पिवळा होतो. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार, कुस्त्यांची दंगल, तमाशाचे फड, वाघ्या-मुरळी... एकदा तरी पाहावी अशी ही यात्रा.

पण मुक्काम म्हणजे उघड्या माळावर हं! सासूबाईंच्या लहानपणी बैलगाडीनं जायचे, गाडीखालीच अंथरूण टाकायचे आणि जू टेकवून वर कंदील अडकवायचे. आता आम्ही भाऊजींच्या टेम्पोनं जातो. मागे गाद्या, शिधा, स्टोव्ह आणि बाजूला ताडपत्रीचं पाल. परदेशात म्हणे लोक चाकांवरचं घर घेऊन हिंडतात. आमचं घर हेच! बाजाराच्या बाजूला दिव्यांचा लखलखाट आणि जनरेटरची घरघर असते, पण कडेच्या पालांपर्यंत विजेची तार काही येत नाही. त्यात चतुर्दशी-अमावस्या. चांदण्याचाही भरवसा नाही.

पंचांगाच्या हिशेबानं २०२४ सालात ही यात्रा दोनदा आली, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. जानेवारीत आमची जी फजिती झाली ती आधी सांगते.

सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. वाफेतून औषध घ्यायचं त्यांचं छोटं यंत्र आम्ही आठवणीनं घेतलं होतं. ते चालवायला एक लहान इन्व्हर्टर टेम्पोच्या बॅटरीला चिमट्यांनी जोडला. झालं, लाइट आली म्हणताच सगळ्यांना हुरूप आला! पालात दोन पिवळे बल्ब लागले, सात जणांचे सात मोबाईल चार्जिंगला लागले. इन्व्हर्टर बंद करायचं तर कुणाच्याच ध्यानात नाही. पहिली रात्र मजेत गेली. मी मनात म्हटलं, बाई, किती सोय झाली!

दुसऱ्या दिवशी देवस्वारी पाहिली. गर्दीतला धुरळा, उधळलेला भंडारा, जनावरांच्या पायांची माती, आणि रात्री कडाक्याची थंडी. अकराच्या सुमाराला सासूबाई उठून बसल्या. छाती भात्यासारखी हलत होती. ह्यांनी यंत्र लावलं, तर इन्व्हर्टर दोनदा केकाटला आणि गप्प झाला. भाऊजींनी गाडी सुरू करायला सेल्फ मारला. नुसतं कट् कट्! ज्या बॅटरीवर आम्ही उजेड केला, तिच्यात गाडी सुरू करण्याइतकाही जीव उरला नव्हता.

माझे हातपाय गार पडले. पुरुषमंडळी धक्का मारायचा की केबल शोधायची यावर बोलत होती. तेवढ्यात शेजारच्या पालातली घोडेवाल्यांची बाई पदर खोचत आली आणि म्हणाली, “गाडीचं सकाळी बघा की! आधी म्हातारीचं मशीन आमच्या जीपला लावा.” तिच्या मालकानं जीप सुरू करून दिली, इन्व्हर्टरचे चिमटे तिकडे लावले. दहा मिनिटांत सासूबाईंचा श्वास जरा मोकळा झाला. त्या बाईचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

घरी आल्यावर मी वही काढली. शाळेत पोरांना गणितं घालते, मग हे का नाही सुटणार? बॅटरीवर तिची मापं लिहिलेली असतात. आमची होती १२ व्होल्ट, ८० अँपिअर-अवर. दोन्हींचा गुणाकार केला की ९६० वॉट-तास. हा झाला भरलेला डबा. पण ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे वापरायचे फार तर ४८०.

आता खर्च पाहा. २१ वॉटचे दोन बल्ब दोन रात्री मिळून आठ तास चालले, ते झाले ३३६. सात मोबाईल, प्रत्येकी अंदाजे १५, म्हणजे १०५. आणि काही काम नसतानाही इन्व्हर्टर स्वतः दहाएक वॉट खातच असतो. वीस तासांचे २००. एकूण ६४१! त्यात बॅटरी जुनी आणि हवा थंड. थंडीत बॅटरीचा जोर आणखी कमी होतो. आणि सासूबाईंचं यंत्र? १२० वॉटचं, दहा मिनिटांना अवघे २०. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला, त्याचाच वाटा उरला नाही. पगार झाल्या झाल्या आपण औषधाचे नि फीचे पैसे वेगळ्या डब्यात टाकतो ना? इथे मात्र आधी हौस केली.

डिसेंबरला आम्ही शहाणे झालो. गाडीच्या बॅटरीला हात लावायचा नाही, ती फक्त गाडीची. घरातल्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी डिस्टिल्ड वॉटर पाहून, पूर्ण चार्ज करून सोबत घेतली. वजन पन्नास किलोच्या वर, तेव्हा दोघांनी उचलायची. उभीच ठेवून दोरीनं घट्ट बांधायची, म्हणजे ॲसिड सांडत नाही, आणि वरच्या दोन टोकांना लोखंडी काही लागू द्यायचं नाही. स्टोव्ह आणि उदबत्ती तिच्यापासून लांब.

पिवळ्या बल्बांऐवजी १२ व्होल्टवर चालणारे पाच-पाच वॉटचे दोन एलईडी दिवे आणले. ते थेट बॅटरीवर लागतात, इन्व्हर्टर लागत नाही. मोबाईललाही बारा व्होल्टचाच चार्जर, संध्याकाळी एकदाच. इन्व्हर्टर फक्त यंत्रापुरता, काम झालं की बंद. डॉक्टरांना विचारून सासूबाईंसाठी नळकांड्यातून ओढायचा पंपही जवळ ठेवला. त्याला वीज लागतच नाही! तुमच्या घरी कुणाला दमा असेल तर हे जरूर विचारून घ्या.

शिवाय एक छोटा मीटर घेतला. बॅटरीवरचं सगळं बंद करून थोड्या वेळानं पाहिलं की १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. तिथे थांबायचं. हे काम मी माझ्या मुलाकडे दिलं. तो दर दोन तासांनी आकडा ओरडून सांगायचा, जसा काही स्टेशनमास्तरच! दोन रात्रींचा सगळा खर्च, यंत्राचा चार वेळांचा वाटा धरून, ४१० वॉट-तासांचा बांधला होता आणि हाताशी होते ९००.

दुसऱ्या रात्री सासूबाईंना थोडी धाप लागलीच. पण यंत्र तयार होतं. दहा मिनिटांत त्या शांत झोपल्या. मी बाहेर आले तर पलीकडच्या पालातली एक बाई हातात बंद पडलेला मोबाईल घेऊन उभी. “ताई, लेक कळंना कुठं चुकली, फोन तेवढा लावू देता का?” मी मुलाला मीटर बघायला सांगितलं आणि चार्जर तिच्या हातात दिला. अर्ध्या तासात लेकीचा फोन लागला. ती तमाशाच्या फडाशी मावशीबरोबर होती. हिशेब नीट ठेवला की दुसऱ्याला द्यायलाही उरतं, हे स्वयंपाकघरात आपल्याला ठाऊक असतंच की!

अमावस्येला पहाटे भाऊजींनी सेल्फ मारला आणि पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. त्या दिवशी आमच्याकडे येळवस असते ना! उन्हं वर यायच्या आत शिरूर ताजबंद मागे टाकलं आणि दुपारी शेतात, कडब्याच्या कोपीजवळ, सासूबाईंनी स्वतःच्या हातानं सगळ्यांना भज्जी वाढली आणि आंबिलाचे पेले भरले.

तेव्हा मैत्रिणींनो, या एकदा माळेगावला. पांघरूण जास्तीचं घ्या आणि बॅटरीचा हिशेब निघायच्या आधीच वहीत मांडा. पहिल्या ओळीवर मात्र औषधाचा वाटा!