शीवहून राजमाचीला : सायकल, मुक्काम आणि पाण्याचा हिशेब

शीव या शब्दाचा अर्थच मुळी हद्द. जुनी मुंबई इथे संपत असे. पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी. टेकडीवरचा पडका किल्ला इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधला तो या वेशीवर नजर ठेवायला. आज याच शीवपासून पूर्व द्रुतगती महामार्ग सुरू होतो, रात्रंदिवस गाड्या धावतात. तरीही आमच्या वस्तीतल्या बऱ्याच घरांत बाहेर जाणे म्हणजे गावाला, लग्नाला, नाही तर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर. डोंगरात मुक्कामाला जाणे हे आपले काम नव्हे, अशी एक समजूत मनात बसलेली असते. ती कोणी आणि कशी बसवली, हा वेगळा विषय.

म्हणून पाच मुलगे आणि तीन मुली दिवाळीनंतर सायकलीने राजमाचीला जायचे म्हणू लागले, तेव्हा घरोघरी चर्चा सुरू झाली. एका मुलीच्या आईने मला थेट विचारले, "भाऊ, पोरगी रात्री झोपणार कुठं?" प्रश्न अगदी रास्त होता. सहलीची आखणी आम्ही या प्रश्नापासूनच सुरू केली.

राजमाची म्हणजे लोणावळ्याच्या उत्तरेचा जोडकिल्ला, श्रीवर्धन आणि मनरंजन. दोन्हींच्या पायथ्याशी उधेवाडी हे छोटे गाव. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे तिथपर्यंत साधारण पंधरा-सोळा किलोमीटरची कच्ची वाट आहे. गावकरी आपल्या घरी जेवणाची आणि झोपण्याची सोय करतात. तेव्हा ठरले असे की तंबू न्यायचे, पण ते रानात न लावता गावातल्या एखाद्या घराच्या अंगणात, विचारून लावायचे. मुली त्या घरातल्या बायांबरोबर आत झोपतील. घर ठरवायला आमच्यातले दोघे आधी एका रविवारी पायी जाऊन येतील. जेवणाचे पैसे घरवाले सांगतील तेवढे द्यायचे, घासाघीस करायची नाही. श्रमाचे मोल काय असते हे आपण नाही जाणायचे तर कोणी?

मुलांची हौस शीवपासूनच पॅडल मारत जायची होती. मी त्याला साफ नकार दिला. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, आणि जुन्या रस्त्याने पनवेल, खोपोली करत बोरघाट चढायचा तर कंटेनर आणि ट्रक खांद्याला घासून जातात. या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोक सांगतात, इंग्रजांच्या इंजिनिअरांना घाटाची वाट सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली. बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, तेव्हा त्याला गोळी घातली. खरेखोटे काही असो, वाट दाखवणारा कोण होता हे लोकांनी लक्षात ठेवले आहे. आपणही अनोळखी रानात शिरताना नकाशाआधी गुराख्याला विचारावे.

सायकली रेल्वेने पार्सल म्हणून नेता येतात. मात्र गाडी लोणावळ्याला त्या उतरवण्याइतकी थांबते का, याची चौकशी पार्सल कार्यालयात आधी करावी लागते. आम्ही सरळ छोटा टेम्पो ठरवला. भाडे आठ जणांत वाटले की परवडते. माणसे रेल्वेने जातील.

आता वेळेचा हिशेब. मी पडलो वाणिज्य शाखेचा कारकून, त्यामुळे वही काढल्याशिवाय चैन पडत नाही. सायकल आहे म्हणून ताशी पंधरा किलोमीटर धरणे हा कच्च्या वाटेवर शुद्ध फसवा आकडा. दगड, ओहोळ, चढावर ढकलत नेणे, मध्येच पंक्चर. चालण्याचाच वेग धरावा, ताशी चार. म्हणजे सोळा किलोमीटरला चार तास, त्यावर विश्रांतीचा एक. सकाळी नऊला लोणावळा सोडले तर दोनला गाव. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधारते. दुपारी एकपर्यंत निम्मी वाट झाली नसेल तर तिथूनच परत फिरायचे, हे सर्वांकडून आधीच कबूल करून घेतले आहे. पावसाळ्यात ही वाट मी सुचवणार नाही. ओढे भरतात, चिखलात चाक रुतते, धुक्यात चकवा लागतो.

गिअरची महागडी सायकल नाही म्हणून कोणी मागे राहू नये. साधी सायकल चढावर हाताने ढकलता येते. पण उतारावर ब्रेक लागलेच पाहिजेत, तिथे तडजोड नाही. जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, पंप, बॅटरी आणि माणशी तीन लिटर पाणी. मोबाइलची रेंज डोंगरात दगा देते, म्हणून वाटेचा कागद प्रत्येकाच्या घरी लिहून ठेवायचा : कुठून, कुठे, किती वाजता.

पाण्याचे महत्त्व भिक्खूंनी पुरते ओळखले होते. राजमाचीच्या खाली, कर्जतच्या अंगाला कोंडाणे लेणी आहेत. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असा लेख तिथे कोरला आहे. ती वाट सायकलीची नाही, पायीच उतरावे लागते. तेव्हा ती पुढच्या खेपेला. यंदा दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला परत येऊन मळवलीकडे जायचे. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. लेण्यांत खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढी मुलांना मुद्दाम दाखवणार आहे. आधी पाणी, मग मुक्काम. आता ते पाणी पिऊ मात्र नये. कार्ल्याच्या चैत्यात दानाचे लेख आहेत, त्यांत धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. दाराचे काम त्याने केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कामगाराचे नाव तिथे वाचायला मिळते. आमच्या आठांतल्या एकाचे वडील सुतारकाम करतात. त्याला ते दार आधी बघायचे आहे.

त्याआधी सराव. एका रविवारी पहाटे शीवहून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आणि तिथून कान्हेरीचा चढ. सोमवारी लेणी बंद असतात. जी सायकल आणि जो गडी तो चढ धड चढून येईल, त्याला राजमाचीची परवानगी. दोन सायकलींचे ब्रेक अजून मिस्त्रीकडे आहेत.